दोन करवतींचा पाळणा

पाळण्यात असे काय असते, चार फळ्या आणि एक बूड, हे वाक्य मी श्रावणातल्या एका दुपारी आमच्या ओटीवर बोललो. त्या वेळी समोर विठोबा सुतार बसला होता, शेजारी अनंतराव होते आणि माजघराच्या दाराशी आमचे कुटुंब उभे होते. इतके साक्षीदार ठेवून माणसाने असे काही बोलू नये. विठोबा पाळण्याचे काम विचारायला आला होता. त्याने पानाला चुना लावला, माझ्या हातांकडे एकदा पाहिले आणि "बरोबर हाय, भाऊ," एवढेच बोलून तो उठून गेला.

आमची एकुलती एक मुलगी नलू पहिल्या बाळंतपणासाठी रेवदंड्याला आली होती. तिचे सासर मुरूडचे. तिचे सासरे, म्हणजे माझे व्याही, शाळाखात्यातले पेन्शनर आहेत. माणूस सज्जन, पण त्यांना एक खोड आहे. कोणतेही भांडे हाती आले की ते उपडे करून त्यावरचे नाव वाचतात. नलूच्या लग्नात आम्ही निम्मी भांडी आळीतून गोळा केली होती, आणि नाव घातल्याशिवाय आपल्याकडे भांडे कोणी फळीवर ठेवत नाही. भर पंगतीत व्याह्यांनी तांब्या उपडा केला आणि "कृष्णाबाई" असे वाचले. मग वाटी उपडी केली, तिच्यावर अनंतरावांच्या मातोश्री निघाल्या. "भाऊसाहेब, यात तुमचे स्वतःचे काय आहे हो?" असे ते हसत हसत म्हणाले. पंगत हसली, मीही हसलो. नलू तेवढी हसली नाही. मुंडावळ्यांआडून तिने माझ्याकडे पाहिले, ते मला अजून आठवते आणि आठवले की घास जात नाही.

त्यामुळे शेजारच्या कृष्णाबाई जेव्हा म्हणाल्या, "भाऊजी, पाळणा कशाला करता, आमचा आहे की," तेव्हा मी ताठ झालो. कृष्णाबाईंचा पाळणा आळीत प्रसिद्ध आहे. पंधरावीस मुले त्यात झोपून मोठी झाली, त्यांत नलूही होती. पण त्याच्या कडेवर पितळी अक्षरांत कृष्णाबाईंचे नाव ठोकलेले आहे. मी नको म्हणालो आणि त्याच संध्याकाळी व्याह्यांना कार्ड टाकले की नातवंडाचा पाळणा मी स्वतःच्या हातांनी करीत आहे. कार्ड पेटीत पडल्यावर मला आठवले की आमच्या घरात हातोडी नाही. खिळा ठोकायचा झाला तर आम्ही वरवंटा वापरतो.

हत्यारे घ्यायची ठरली, आणि मी एक चूक केली. कोणती घ्यावीत असे चार लोकांना विचारले. खरे तर एकालाच विचारले, दुसरे आपण होऊन आले.

अनंतराव हे निवृत्त पोस्टमास्तर. त्यांच्याजवळ मुंबईच्या कुठल्याशा दुकानाचे चित्रांचे सूचिपत्र होते. ते मांडीवर घेऊन त्यांनी मला दोन तास बसवले. "सदाभाऊ, हत्यार माणसाने जन्मात एकदा घ्यावे, पण विलायती घ्यावे. हा रंधा पाहा. हा धरायचा, बाकी काम तो आपण करतो." त्यांच्या घरी त्यातले एकही हत्यार नव्हते, पण चित्रे त्यांना तोंडपाठ होती.

समोरच्या घरातले रघूतात्या खादी वापरतात. सूचिपत्राची बातमी लागताच ते चरखा टाकून आले. "परदेशी करवतीने कापलेल्या पाळण्यात तुम्ही मूल घालणार? करा बापडे. मी बारशाला येणार नाही, एवढेच सांगतो." पनवेलला एक लोहार आहे, त्याचे पोलाद असे, त्याची पटाशी तशी, असे सांगता सांगता त्यांचा चहा गार झाला.

मी बंदरावरच्या कचेरीत बावीस वर्षे कारकून आहे. विलायती हत्यारे घेतली तर रघूतात्या रस्त्यात तोंड फिरवणार, आणि देशी घेतली तर अनंतराव ती गोष्ट गप्पांच्या ओघात साहेबाच्या कानावर घालणार. बावीस वर्षांत मी एक विद्या शिकलो आहे, ती म्हणजे दोन्ही अर्जांवर 'योग्य ती कारवाई व्हावी' असे लिहिणे. मी दोन्ही संच मागवले. दोन करवती, दोन रंधे, दोन हातोड्या, पटाश्यांच्या दोन जुड्या, दोन गिरमिटे, दोन कानशी. काटकोन पाहण्याचे गुण्येसुद्धा मी दोन घेतले, जणू विलायतेतला काटकोन वेगळा असतो.

आगबोटी नारळी पौर्णिमेनंतर सुरू झाल्या आणि सामान येऊन पडले. मी त्याच संध्याकाळी ओटीवर एक जुनी फळी घेऊन सरावाला बसलो. अर्धा तास करवत चालवूनही फळीला नुसता चट्टा पडला आणि मला घाम फुटला. तेवढ्यात रस्त्याने विठोबा चालला होता. तो थांबला, थोडा वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "भाऊ, ही तुमची सायबाची करवत हाय. ती ढकलताना कापते. आपली वढताना कापते. तुम्ही सायबाची वढताय."

हे मला सूचिपत्रातही सांगितलेले नव्हते आणि रघूतात्यांनीही सांगितले नव्हते. विठोबा जमिनीवर मांडी घालून बसतो, पायाच्या बोटांत फळी धरतो आणि करवत आपल्याकडे ओढतो. साहेब उभा राहतो, फळी टेबलावर दाबतो आणि करवत पुढे लोटतो. माझ्या दोन करवतींसाठी मला दोन प्रकारचा माणूस व्हावे लागणार होते. पायाच्या बोटांत फळी धरून पाहिली, तर फळी राहिली आणि बोटे वळली. शेवटी विलायती हत्यारांना टेबल हवे म्हणून घरातली एकुलती एक खुर्ची मी आडवी केली. कोणी पाहुणे आले की ही खुर्ची बाहेर निघते. फळी तिच्यावर ठेवून मी जोर लावला, आणि करवत खरोखरच उत्तम निघाली. फळी कापून झाली तेव्हा खुर्चीचा मागचा पायही कापून झाला होता.

आता लाकूड. काशीदच्या एका ओळखीच्या गृहस्थांनी सागवानी फळ्या देऊ केल्या आणि भागोजी कोळ्याने त्या आपल्या होडीतून आणायचे कबूल केले. पण काशीद पडले संस्थानच्या हद्दीत आणि रेवदंडा इंग्रजी हद्दीत. सागवान अलीकडे आणायचे तर पास लागतो. त्या खात्याचे नाव मी घेणार नाही, कारण तिथला कारकून माझ्याशी अतिशय सभ्यपणे वागला. त्याने तक्ता उघडला आणि लेखणी बुडवली.

"लाकूड कशासाठी?"

"पाळण्यासाठी."

"कोणाच्या?"

"नातवंडाच्या."

"नाव?"

"अजून जन्म व्हायचा आहे."

"मग जन्म झाल्यावर या," तो म्हणाला.

सर्वपित्री अमावास्येच्या आदल्या दिवशी नलूला मुलगी झाली. आईचा रंग, बापाचे नाक आणि आवाज कोणाचा ते कळेना, पण बंदरापर्यंत पोचेल असा. बारावा दिवस नेमका दसऱ्याचा येत होता, तेव्हा बारसे दसऱ्याला सकाळी ठरले. व्याह्यांना तार गेली. मी पुन्हा पासाला गेलो.

"नाव?" कारकुनाने विचारले.

"ते बारशाला ठेवतात."

"मग बारसे झाल्यावर या."

"पण पाळणा नसेल तर बारसे व्हायचे कसे?"

"तेही खरे आहे," तो कळवळून म्हणाला. "पण नावाचा रकाना मला कोरा ठेवता येत नाही."

मी स्वतः बावीस वर्षे लोकांना असाच परत पाठवत आलो आहे. शेवटी त्यालाच माझी दया आली. "दुसरे काही लिहू का? पेटी लिहितो. पेटीला मालकाचे नाव चालते." आणि त्याने वळणदार अक्षरात लिहिले: हत्यारांची पेटी, नग एक, मालक सदाशिव बाळकृष्ण चौलकर.

फळ्या आल्या. दुसऱ्या कोणी खुशाल पाळणा करायला घेतला असता, पण पासावर पेटी लिहिली असताना पेटी न करणे हे माझ्या हातून होणार नव्हते. उद्या तपासणीला कोणी आले तर दाखवायचे काय? शिवाय आमच्याकडची हवा खारी, दोन्ही रंध्यांवर तांबूस ठिपके दिसू लागले होते, तेव्हा पेटीची गरज होतीच. आधी पेटी, मग उरलेल्या फळ्यांचा पाळणा, असा मी हुकूम काढला. दोन संच मावायचे म्हणून पेटी चांगली लांबरुंद घेतली. रोज कचेरीतून आलो की दिवे लागेपर्यंत मी ओटीवर बसत असे. कुटुंब आतून विचारी, "अहो, पाळणा कुठवर आला?" मी म्हणे, "होत आला."

आणि मला सांगायला संकोच वाटत नाही, पेटी चांगली झाली. ओढायची करवत ओढून आणि ढकलायची ढकलून वापरायला मी शिकलो. पहिल्याच दिवशी कडेला धोतर अडकून फाटले, म्हणून दोन्ही कानशी लावून सगळ्या कडा गोल केल्या. झाकण मात्र बिजागऱ्यांत काही केल्या राहीना, जरा हात लागला की निखळून हातात येई. पेटीच्या दर्शनी बाजूवर, भागोजीने दिलेल्या होडीच्या काळ्या रंगाने, मी लिहिले: 'स. बा. चौलकर. हत्यारे. हात लावू नये.' ती शेवटची सूचना अनंतराव आणि रघूतात्या या दोघांसाठी होती. अष्टमीच्या संध्याकाळी विठोबा येऊन पेटीवर बोटे वाजवून गेला आणि "ही पेटी झाली," असे म्हणाला. सुताराच्या तोंडची पावती मिळाल्याने मी रात्रभर शांत झोपलो. नवमीला कचेरी बंद होती. अख्खा दिवस हाताशी होता, आणि एका दिवसात पाळणा करण्याइतका माझा हात आता नक्की बसला होता.

नवमीला सकाळी अंघोळ केली, धोतर वर खोचले आणि ओटीवर आलो. पेटी रिकामी होती. एक खिळासुद्धा आत नव्हता. मी देवघरात गेलो. पाटावर कोरे कापड अंथरले होते आणि त्यावर माझे दोन्ही संच ओळीने मांडलेले होते. रंध्यांना हळदकुंकू लावले होते, पटाश्यांवर तांदूळ होते आणि दोन्ही करवती एकमेकींवर आडव्या ठेवून त्यांना झेंडूची माळ घातली होती. समोर उदबत्ती जळत होती.

"खंडेनवमी ना आज," कुटुंब म्हणाले. तिच्या तोंडावर असा आनंद होता की मी तिच्याकडे पाहतच राहिलो. "दरवर्षी मेली एक दौत आणि एक टाक पुजायचा. यंदा पहिल्यांदा घरात हत्यारे आली. आता उद्या दुपारी उत्तरपूजा होईपर्यंत कोणी हलवायची नाहीत. पाळणा झाला असेलच ना?"

सुट्टी आहे हे मी महिनाभर मोजत होतो. सुट्टी कशाची आहे हे माझ्या डोक्यातून साफ गेले होते. हत्यारांना विश्रांती म्हणूनच तर कचेरी बंद असते. बावीस वर्षे मी याच दिवशी दौत-टाक देवापुढे ठेवून, आज लिहिता येत नाही याचे दुःख करीत, दुपारी ताणून दिली आहे.

मी तसाच विठोबाकडे गेलो. त्याच्या पडवीत त्याची हत्यारे फुलांत बसली होती. "भाऊ, तुमच्याकडं दोन करवती, माझ्याकडं एक. आज तिन्ही बसल्यात," तो म्हणाला. "उद्या दुपारपत्तुर गावात कोन खिळा ठोकनार न्हाय." मग मान खाली घालून मी कृष्णाबाईंकडे गेलो. त्यांचा पाळणा चौलला कोणाकडे तरी गेला होता. "तुम्हीच नको म्हणालात, भाऊजी," त्या म्हणाल्या, आणि ते खरे होते.

संध्याकाळी नलूच्या नणंदेला घेऊन व्याही आले. आल्याबरोबर त्यांनी नेहमीची खुर्ची शोधली. ती दुरुस्तीला गेल्याचे सांगून मी त्यांना पाटावर बसवले. ते पाणी प्याले, त्यांनी तांब्या उपडा केला, "हं, हा तुमचा आहे," असे म्हणाले आणि मग विचारले, "आणि पाळणा?"

मी देवघराकडे हात केला. "आज सगळे पूजेला बसले आहे."

हे अक्षरशः खरे होते. व्याह्यांनी देवघराकडे पाहून हात जोडले. नलू बाळंतिणीच्या खोलीच्या दाराशी उभी होती. ते आत वळल्यावर ती हळूच म्हणाली, "बाबा, झाला नाही ना?"

"उद्या होईल."

"कृष्णाकाकूंचा आणला असता तरी मला चालले असते."

"मला चालले नसते, बाळ," मी म्हणालो.

दसऱ्याच्या सकाळी आत पुरणाचा वास सुटला होता, आळीतल्या बायका जमू लागल्या होत्या आणि मी ओटीवर रिकाम्या पेटीशेजारी बसून होतो. फळ्या होत्या, खिळे देवापुढे होते आणि व्याही आत अंघोळ करीत होते. तेवढ्यात भागोजी पोरीसाठी नारळ घेऊन आला. मी त्याला सगळे सांगितले. कोणाला तरी सांगायलाच हवे होते.

भागोजीने पेटीत हात घालून सगळ्या कडांवरून फिरवला. झाकणाला हात लागताच ते निखळून त्याच्या हातात आले. ते त्याने भिंतीशी टेकवून ठेवले. "भाऊ, हा झाला की पाळना," तो म्हणाला.

"टांगायचा कशाने? आज गिरमिट लावता येत नाही, कडी ठोकता येत नाही."

"गिरमिट कशाला? रशी हाय ना."

"रशीला आज हात लावायचा का? तुमचे ते हत्यारच."

"आमची पूजा नारळी पुनवेला झाली," भागोजी म्हणाला. "होडी, जाळी, रशी, समदं तवाच पुजलं. आमची रशी आज मोकळी हाय."

तो बंदरावर जाऊन नवी कोरी रशी घेऊन आला. माजघराच्या तुळईवरून त्याने ती दोनदा फेकली. किनाऱ्यावर होडी ओढताना घालतात तसा फास पेटीच्या बुडाखालून घेतला आणि चार कोपऱ्यांना चार गाठी मारल्या. काही कापले नाही, काही ठोकले नाही. मग त्याने स्वतःच्या दोन्ही हातांचा भार पेटीवर टाकला. तुळई कुरकुरली, पेटी घसरली नाही. कुटुंबाने तोंडाला पदर लावून सगळे पाहिले आणि आत मऊ गोधडी घातली. दर्शनी बाजूची काळी अक्षरे झाकायला तिने स्वतःच्या लग्नातला शेला सोडला.

बारसे सुरू झाले. नलूने मुलीला पाळण्यात ठेवले, बायकांनी गाणी म्हटली, आत्याने कानात नाव सांगितले. कोकिळा हे नाव आवाज ऐकूनच ठेवले असावे. नाव ऐकताच तिने असा टाहो फोडला आणि असे पाय झाडले की शेला सरकत सरकत खाली गळून पडला.

व्याही पुढेच उभे होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि ते वाकले. नलू माझ्याकडे पाहत होती, आणि अगदी लग्नातल्यासारखीच पाहत होती.

"स. बा. चौलकर," व्याह्यांनी मोठ्याने वाचले. मग "हत्यारे" हे वाचले, तिथे जरा थांबले. गोल केलेल्या कडेवरून त्यांनी अंगठा फिरवला, रशीची गाठ ओढून पाहिली, आणि सवयीप्रमाणे वाकून पाळण्याच्या बुडाखालीही डोकावले. तिथे दुसऱ्या कोणाचे नाव नव्हते.

ते सरळ झाले. "नाव तुमचेच आहे, भाऊसाहेब," ते म्हणाले. त्यात थट्टा नव्हती.

कृष्णाबाई पोरीचा गालगुच्चा घ्यायला पुढे झाल्या, तर व्याह्यांनी त्यांना अडवले. "हात लावू नये," ते करारी आवाजात म्हणाले. "तसे लिहिलेले आहे." सगळे हसले. या वेळी सगळ्यांच्या आधी नलू हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मला स्वतःला हसायला थोडा वेळ लागला.

दुपारी उत्तरपूजा झाली आणि हत्यारे मोकळी झाली. पण त्यांची पेटी आता रिकामी नव्हती. मी उरलेल्या फळ्यांचा खरा पाळणा करायला घेणार होतो. पण कोकिळेला पेटीखेरीज कुठे झोप येईना, आणि दिवाळीनंतर नलू मुरूडला निघाली तेव्हा व्याह्यांनी भागोजीच्या होडीतून पेटी रशीसकट नेली. पुढे पुढे तिथे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ते ती अक्षरे वाचून दाखवतात असे ऐकतो. पासावरच्या नग एक पेटीचा हिशेब मी तपासणीला काय देणार, ते अजून ठरलेले नाही.

हत्यारे बरेच दिवस गोणपाटात पडून होती. पुढे कृष्णाबाईंचा पाळणा चौलहून परत आला. आळीत तूर्त कोणाकडे मूल नव्हते आणि त्यांच्या घरात जागा नव्हती, तेव्हा त्यांनी तो आमच्या पडवीत टांगला. आता दोन्ही करवती, दोन्ही रंधे आणि दोन्ही गुण्ये त्यात पडलेले असतात. परवा कचेरीतून घरी आलो, तर कुटुंब पडवीत तांदूळ निवडत बसले होते. नजर सुपात होती आणि डावा हात, तिच्या नकळत, हत्यारांना झोका देत होता. मी चपला हळूच काढल्या आणि आवाज न करता आत गेलो.